चांगल्या कानात 'शूऽऽ' आवाज का लावतात? मास्किंगबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून एका ठिकाणी ऑडिओमेट्री केली, तिथे डाव्या कानाला ५५ डेसिबलचा लॉस आहे, ऐकण्याचं मशीन लावा, हवं तर ऑपरेशनचंही विचारून बघा असं सांगितलं. मग दुसरीकडे टेस्ट केली, तिथे चांगल्या उजव्या कानात 'शूऽऽ' असा आवाज सोडून परत सगळं तपासलं आणि म्हणाले डावा कान जवळजवळ पूर्ण गेलाय, साधं मशीन लावून उपयोग नाही. मग खरं कोणाचं? आणि रिपोर्टवर 'मास्किंग' लिहिलंय ते सर्च केलं तर कोविडचे मास्क, मुखवटे, ऑटिझम, एमपी-३, बीपी असं काहीही समोर येतंय, त्यातलं आपलं कुठलं?

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, हेच काम रोज करते, म्हणून जरा लांब लिहिते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: तुम्ही सांगताय तसंच झालं असेल तर दुसरा रिपोर्ट धरा. पहिल्या टेस्टमध्ये बाबांनी खोटं सांगितलं नाही, टेस्टचं मशीनही बिघडलेलं नसेल, पण डाव्या कानाच्या नावाखाली जे ५५ लागलंय ते बहुतेक उजव्या कानाने ऐकलेलं आहे.

कसं ते बघा. डोळे तपासताना एक डोळा हाताने झाकला की झालं, दुसऱ्याचीच नजर मोजली जाते. कानाचं तसं नाही. दोन्ही आतले कान, म्हणजे कॉक्लिया, एकाच कवटीच्या हाडात बसलेत, आणि डाव्या हेडफोनमधून आवाज पुरेसा मोठा केला की तो हाडाला कंप देत पलीकडे पोचतो. साध्या हेडफोनला पलीकडे जाताना आवाज कमीत कमी ४० डेसिबल घटतो असं आम्ही धरून चालतो, बऱ्याच लोकांत ५०-६० पर्यंत घटतो. आता बाबांचा उजवा कान चांगला आहे, समजा १० डेसिबलवर ऐकतो. डाव्या हेडफोनमध्ये ५५ चा टोन, म्हणजे शिट्टीसारखा आवाज, दिला, वाटेत ४५ गेले, उजव्याला १० मिळाले, त्याने ऐकलं, बाबांनी बटण दाबलं. आणि आम्ही डाव्याच्या खात्यात ५५ मांडले. याला शॅडो कर्व्ह म्हणतात, म्हणजे चांगल्या कानाच्या आलेखाची सावली वाईट कानाच्या जागी खाली पडते. एक कान पूर्ण गेलेल्या माणसाची टेस्ट मास्किंगशिवाय केली तर तो 'मध्यम बहिरा' दिसतो तो असा.

खरा घोटाळा याच्या पुढे आहे आणि तो लोकांना कळावा असं मला फार वाटतं. कानामागे हाडावर छोटा व्हायब्रेटर लावून जी टेस्ट करतात, बोन कंडक्शन, त्यात आवाज पलीकडे जाताना काहीच घटत नाही असंच धरावं लागतं. डाव्या कानामागे लावा नाहीतर कपाळावर लावा, दोन्ही कॉक्लिया सारख्याच हलतात. म्हणजे डाव्याच्या नावावर बोनचं रीडिंग आलं १०, हेडफोनचं आलं ५५, मध्ये ४५ चं अंतर. कागदावर हे कसलं चित्र दिसतं? आतली नस उत्तम, बाहेरून आवाज पोचत नाही, म्हणजे पडद्याला भोक असेल, नाहीतर मधल्या कानातल्या हाडांची साखळी अडकली असेल, म्हणजे ओटोस्क्लेरोसिससारखं काही असेल. आणि हे सगळे आजार ऑपरेशनने सुधारण्यासारखे! म्हणजे जो कान नसेमुळे कायमचा गेलाय त्याचा कागद 'ऑपरेशन केलं तर ऐकू येईल' असं सांगतो. नीट बघणारा ईएनटी डॉक्टर यात सहसा फसत नाही, तो ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवून विचारतो आवाज कुठे येतो, नस गेलेली असेल तर आवाज चांगल्या कानाकडे ओढतो आणि पोचण्यात अडथळा असेल तर वाईट कानाकडे. पण आधी हातात आलेला कागदच चुकीचा असेल तर पेशंटच्या मनात आशा तयार झालेली असते, मग ती मोडणं फार जड जातं, मी ते चेहरे बघितलेत.

तर यावर उपाय म्हणजे उजव्या कानाला कामाला लावून ठेवायचं. त्याच्यात फर्रर्र असा आवाज सोडायचा म्हणजे पलीकडून चोरून आलेला टोन त्याला ऐकू येणार नाही, आणि मग डाव्या कानाला स्वतःचं काय ते सांगावं लागतं. हे झालं मास्किंग. तो आवाज साधी खरखर नसतो, ज्या फ्रिक्वेन्सीचा टोन तपासतोय तिच्या आजूबाजूचा अरुंद पट्टाच त्यात असतो. कारण हार्वी फ्लेचरने १९४० मध्ये दाखवून दिलं होतं की एखादा टोन झाकायला त्याच्या जवळच्या पट्ट्यातलाच गोंगाट कामाचा असतो, लांबच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट फुकट कानाला त्रास देतो.

मी पेशंटला सांगते ते साधारण असं: काका, आता या कानात पावसासारखा आवाज येत राहील, त्याच्याकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, कुठल्या कानात आली ते मी विचारत नाहीये. एवढं शांतपणे नाही सांगितलं तर वयस्कर माणसं 'शूऽऽ' ऐकूनच बटण दाबत बसतात आणि सगळी टेस्ट वाया जाते. मग उजव्यात त्याच्या ऐकण्याच्या पातळीपेक्षा १० डेसिबल वरचा नॉइज, म्हणजे तोच 'शूऽऽ', देऊन सुरुवात करते. डाव्यातला ५५ चा टोन परत देते. बटण नाही दाबलं. टोन वाढवते, दाबलं. नॉइज १० ने वाढवते, परत ऐकू येईनासं झालं. असं जोपर्यंत नॉइज वाढवला की टोनही वाढवावा लागतोय तोपर्यंत समजायचं की अजून उजवाच ऐकतोय. एका टप्प्यावर नॉइज १५-२० डेसिबल वाढवला तरी टोनचं उत्तर जागचं हलत नाही, ती सपाट जागा म्हणजे डाव्या कानाची खरी पातळी. ही पद्धत जे. डी. हूड यांनी १९६० मध्ये मांडली आणि आजही जगभर हीच शिकवतात. तुमच्या बाबांच्या बाबतीत ती सपाट जागा आलीच नसेल, टोन मशीनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत गेला असेल आणि रिपोर्टवर खालच्या दिशेने बाण काढला असेल, त्याचा अर्थ 'उत्तर नाही'.

नॉइज जास्त झाला तरी घोळ होतो बरं का, तो उजव्यातून डाव्यात उतरतो आणि डावा खरं तर ऐकत असला तरी त्याला बहिरं ठरवतो. दोन्ही कानांचे पडदे फाटलेले असतील तर कधी कधी पुरेसा नॉइज द्यावा तर तो पलीकडे जातो आणि नाही द्यावा तर खरं कळत नाही अशी कोंडी होते. तेव्हा कानात घालायचे फोमचे इन्सर्ट फोन कामाला येतात, त्यातून आवाज पलीकडे जायला बराच जास्त, साधारण ५५ डेसिबलच्या वर लागतो. म्हणून मास्किंग हे बटण दाबलं की झालं असं काम नाही, त्याला वेळ लागतो, डोकं लागतं, आणि जिथे पाच मिनिटांत फुकट टेस्ट करून लगेच मशीनचं कोटेशन हातात देतात तिथे ते गाळलं जातं.

झालंय की नाही ते रिपोर्टवरच कळतं. उजवा कान लाल, डावा निळा. मास्किंग न करता घेतलेलं उजव्याचं हेडफोनचं रीडिंग म्हणजे लाल गोल, मास्किंग करून घेतलेलं म्हणजे लाल त्रिकोण. डाव्याची साधी निळी फुली, मास्किंगसकट निळा चौकोन. बोनचं मास्किंगसकट रीडिंग चौकोनी कंसाने दाखवतात. दोन कानांत ४० किंवा जास्त फरक आहे आणि वाईट कानावर सगळ्या फुल्याच फुल्या आहेत, एकही चौकोन नाही, तर तो रिपोर्ट अर्धा आहे असं समजा आणि बेधडक विचारा की मास्किंग का केलं नाही. टेस्ट करणाऱ्याचं आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन विचारायलाही संकोच करू नका.

यात अजून एक जुनी गंमत सांगते. मशीनं नव्हती तेव्हा डॉक्टर चांगल्या कानाशी चावी दिलेली खुळखुळणारी डबी धरायचे, रॉबर्ट बाराणी यांच्या नावाची, हेच ते १९१४ चं नोबेल मिळालेले. आणि त्याच काळात, १९११ मध्ये, फ्रान्सच्या एतिएन लोंबार्ड यांनी नोंदवलं की माणसाच्या कानात गोंगाट सोडला की तो नकळत मोठ्याने बोलायला लागतो. याचा उपयोग काय, तर कोणी नुकसानभरपाईसाठी बहिरेपणाचं सोंग आणलं असेल तर त्याला काहीतरी वाचायला द्यायचं आणि कानात नॉइज सोडायचा. खरंच ऐकू येत नसेल तर आवाज एकसारखा राहतो. ऐकू येत असेल तर आवाज चढतो, तो माणसाला सहजासहजी आवरत नाही.

आता टेस्टच्या खोलीबाहेरचं. मास्किंग आम्ही मुद्दाम करतो ते खोलीत, बाहेर ते दिवसभर आपोआप होतच असतं आणि तिथे ते पेशंटच्या विरुद्ध काम करतं. वेगेल आणि लेन या दोघांनी १९२४ मध्येच मोजून दाखवलं होतं की खालच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीला सहज झाकतो, उलटं तेवढं होत नाही. एसटीचं इंजिन, मिक्सर, लग्नातला डीजे हे सगळं खालून घुमणारं. आणि आपल्या बोलण्यात अर्थ ठरवणारी व्यंजनं, विशेषतः स, श, च, फ, ही वरच्या फ्रिक्वेन्सीची आणि मुळातच बारीक. म्हणून एसटीत बसल्यावर 'सात', 'हात', 'भात', 'खात' यातला 'आ' अगदी स्वच्छ ऐकू येतो पण सुरुवातीचं व्यंजन गायब, आणि मग आजोबा म्हणतात ऐकू येतंय गं पण कळत नाही. घरचे म्हणतात हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं यांना. नाही हो. शांत खोलीत येतं, गोंगाटात नाही, आणि यात त्यांची काही लबाडी नसते, प्लीज हे समजून घ्या.

एक कान गेलेल्याला तर हे जास्तच जाणवतं. दोन कान असताना मेंदू दोन्हीकडचा आवाज ताडून बघतो आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढतो. हर्श यांनी १९४८ मध्ये प्रयोग करून दाखवलं की दोन कानांत टोन उलट फेजमध्ये, म्हणजे एका कानात लहर वर जाताना दुसऱ्यात खाली, आणि नॉइज सारखा दिला तर खालच्या फ्रिक्वेन्सीचा टोन साधारण १५ डेसिबल आधीच ऐकू येतो. एकाच कानावर असलेल्या माणसाला हा फायदाच नाही. म्हणून बाबा घरात ठीक वाटतात आणि हॉटेलात, लग्नात एकदम गप्प होतात.

बाकी सर्चमध्ये जे आलं त्यातलं एमपी-३ आमच्याच घरचं आहे. जर्मनीत एरलांगेनच्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटमध्ये कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या टीमने हाच नियम वापरला, की मोठ्या आवाजाखाली जे कानाला ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला. सीडीचे सेकंदाला १४११ किलोबिट, एमपी-३ चे १२८, म्हणजे अकरावा हिस्सा, आणि बऱ्याच लोकांना फरक कळत नाही. कान वाजण्यावरही मास्किंग वापरतात, टिनिटस. अमेरिकेत पोर्टलंडला जॅक व्हर्नन यांनी १९७० च्या दशकात कानात घालायचे मास्कर आणले. आता आम्ही आतला आवाज पूर्ण झाकत नाही, त्याच्यापेक्षा थोडा खाली बाहेरचा आवाज ठेवतो म्हणजे मेंदूला त्याची सवय व्हायला मदत होते. रात्री पंखा लावल्यावर बरं वाटतं असं पेशंट स्वतःच सांगतात, कारण तेच. बीपीवालं मास्किंग वेगळं, डॉक्टरकडे नॉर्मल आणि घरी जास्त, त्यासाठी फिजिशियनला विचारा.

कोविडच्या मास्कचं मात्र वेगळं लिहायलाच हवं, कारण त्याने माझ्या पेशंटचे फार हाल केले. २०२० मध्ये मोजमापं आली त्यात साधा सर्जिकल मास्क वरच्या फ्रिक्वेन्सी ३-४ डेसिबलने दाबत होता आणि एन-९५ जवळजवळ १२ ने. म्हणजे परत तीच स, श, च, फ गेली. आणि ओठ दिसायचे बंद झाले ते वेगळंच. किती माणसं आली तेव्हा, की ताई, दोन महिन्यांत ऐकणं एकदम उतरलं, तपासलं तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, होता तिथेच. ती माणसं वर्षानुवर्षं ओठ वाचत होती आणि त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. पारदर्शक मास्क आले, त्यातून आवाज कापडापेक्षाही कमी येतो पण ओठ दिसतात, आणि ज्याला ओठांचा आधार आहे त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा असतो. आजही हॉस्पिटलात तुमच्या आईवडिलांशी मास्क लावून कोणी बोलत असेल तर दोन पावलं मागे होऊन क्षणभर मास्क खाली करा म्हणायचं, ते शक्य नसेल तर सरळ कागदावर लिहून द्या म्हणायचं.

मुखवट्यांबद्दल मी काही जाणकार नाही, पण जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा आदिवासी उत्सव, मी बघितलाय. तिथे चेहरा पूर्ण झाकलेला असतो, ओठ दिसायचा प्रश्नच नाही. पण गणपती आला, नरसिंह आला, रावण आला हे लांबून कळतं, कारण तो मुखवटाच सांगतो कोण आलंय, आणि पुढचं सगळं संबळ, पायातला ठेका आणि अंगाची चाल सांगते. संबळाचा दणका तर छातीत जाणवतो. कमी ऐकणाऱ्या माणसाला टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा तिथे जास्त कळेल असं मला वाटतं.

आणि शेवटचं मास्किंग, जे ऑटिझमच्या संदर्भात आलंय. ऑटिस्टिक माणसं चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून मुद्दाम नजरेला नजर देतात, हातांच्या हालचाली दाबून धरतात, दुसऱ्यांचं बघून हसतात, आणि घरी येऊन पार थकून जातात. हे वाचलं की मला माझे पेशंटच दिसतात. कमी ऐकणारा माणूस हेच करतो. समोरचा हसला की हसायचं, थांबला की 'हो हो' म्हणायचं, 'काय?' तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते म्हणून मान डोलवायची. कॉलेजच्या मुली मशीन दिसू नये म्हणून केस कानावर सोडतात आणि मग मशीनच्या माइकवर केस घासून खरखर येते. माझ्याकडे बाबांसारखे पेशंट आले की मी टेस्टच्या आधी मुद्दाम एखादी निरर्थक गोष्ट बोलते, 'काका, तुमचा पत्रा आज शाळेत गेला ना?' असं काहीतरी. 'हो हो' आलं की समजतं हा माणूस किती दिवस असं निभावून नेतोय. घरच्यांनी हे ओळखायला शिकावं. ओरडून बोलू नका, समोर या, त्याच वाक्याला वेगळ्या शब्दांत सांगा, आणि 'जाऊ दे, काही नाही' हे तर कधीच म्हणू नका, ते सगळ्यात लागतं.

तुमच्या बाबांचं आता काय करायचं. हा कान अचानक, एक-दोन दिवसांत गेला असेल आणि त्याला दोन आठवडे झाले नसतील तर हे वाचून होताच ईएनटीकडे जा, ती इमर्जन्सी असते, स्टेरॉइड जितकं लवकर तितकं बरं. जुनं असेल, लहानपणी गालगुंड झाल्यावर गेलेलं वगैरे, तर घाई नाही. मध्येच हळूहळू एकाच बाजूचं कमी झालं असेल तर एमआरआयचं विचारून घ्या, नसेवर गाठ नाही ना हे एकदा बघितलेलं बरं. दोन्ही रिपोर्ट सोबत न्या, पहिला फेकू नका, डॉक्टरला शॅडो कर्व्ह ताबडतोब दिसेल. पहिल्या ठिकाणचं मशीनचं कोटेशन सध्या बाजूला ठेवा, गेलेल्या कानात साधं मशीन नुसता मोठा आवाज करेल, शब्द देणार नाही. क्रॉस नावाचा प्रकार असतो, डाव्या बाजूचा माइक आवाज पकडून उजव्या कानाला पाठवतो, त्याची ट्रायल मागा. हाडातून आवाज पोचवणारं मशीन आणि कॉक्लियर इम्प्लांट हेही पर्याय आहेत पण ते खर्चिक, सवडीने बोलू. ट्रायल दुकानातल्या शांत खोलीत घेऊन निर्णय करू नका, मशीन घालून बाबांना भाजी मार्केटमध्ये न्या, त्यांच्या डाव्या बाजूने चाला आणि नेहमीच्या आवाजात बोला, काय काय कळलं ते घरी येऊन लिहून ठेवा आणि पुढच्या व्हिजिटला ऑडिओलॉजिस्टला दाखवा, सेटिंग त्यावरूनच बदलायचं असतं.